मानखुर्द नको, मग कुठे?

“जयभीम वकीलसाहेब. आम्हाला भाड्याने घर हवे आहे. मानखुर्द सोडून कुठेही चालेल.”

गेल्या मे महिन्यात एक ताई पतीसह आमच्या कार्यालयात आल्या आणि बसता बसताच हे बोलल्या. मराठवाड्यातील एका महाविद्यालयात सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकविल्यानंतर त्यांची देवनार परिसरातील एका संस्थेत सहायक प्राध्यापक म्हणून निवड झाली होती. संस्थेचे निवासस्थान लगेच मिळणार नव्हते. पती, दोन मुले आणि सासूबाई असे पाच जणांचे बिऱ्हाड जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आत मुंबईला हलवायचे होते. आमचे कार्यालय मानखुर्दला आणि घरही मानखुर्दलाच, हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले व त्या ओशाळल्या. आम्ही म्हटले, “ताई, ओशाळू नका. तुम्ही खरे बोललात. आपले बरेच लोक हे मनात ठेवतात आणि पगार सुरू झाला की गुपचूप निघून जातात.”

त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला आहे. आंबेडकरी समाजातील शिकलेला माणूस विद्यापीठाची नोकरी मिळवून मुंबईत येतो, तेव्हा त्याने कुटुंबासाठी कोणते उपनगर निवडावे? वरवर पाहता ही त्या कुटुंबाची खासगी बाब आहे. परंतु या शहरात घर कुठे घ्यायचे हे माणूस एकटा ठरवीत नाही. पुष्कळदा त्याच्या आधी त्याचे आडनाव ठरविते. म्हणून या प्रश्नाची चर्चा चळवळीच्या व्यासपीठावरच झाली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आधी भूगोल पाहू. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४ पासून देवनारला आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था गोवंडी स्टेशन रोडवर आहे. अणुशक्तिनगरात होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या तर पत्त्यातच मानखुर्द आहे. देशभरातून प्राध्यापक आणि संशोधक जिथे येतात अशा चार संस्था मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. तिथे रुजू होणाऱ्याला सहकारी जी नावे सुचवितात ती ठरलेली असतात. चेंबूर, घाटकोपर, मुलुंड, पवई, नाहीतर खाडीपलीकडे वाशी. मुलुंडहून यायचे तर कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी पकडावी लागते. पवईला रेल्वेच नाही. बोरिवलीहून रोज ये-जा करायची तर दिवसाचे तीन तास प्रवासातच जातात. तरीही ही सगळी नावे यादीत असतात आणि सर्वांत जवळचे मानखुर्द तेवढे नसते.

चार रविवार हे कुटुंब घरे पाहत फिरले. एकदा आम्हीही सोबत गेलो. पूर्व उपनगरातील एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत पडला. भाडे ठरले, डिपॉझिट ठरले. मग मालकांनी सहज विचारावे तसे विचारले, “तुमचे मूळ गाव कोणते?” गाव सांगितले. “त्या बाजूला तुमच्यात कोण कोण येतात?” ताईंनी सरळ सांगितले, “आम्ही बौद्ध आहोत.” चहा आला, चहा झाला, हसून निरोप झाला. संध्याकाळी एजंटचा फोन आला. मालकांच्या पुतण्याचे लग्न ठरले असून तोच त्या घरात राहायला येणार आहे!

दुसऱ्या ठिकाणी ‘आमची सोसायटी शाकाहारी आहे’ असे सांगण्यात आले. त्याच सोसायटीच्या फाटकाशी मासेवाली टोपली घेऊन बसली होती आणि वरच्या मजल्यांवरच्या बाया खाली उतरून पापलेटचा भाव करीत होत्या. तिसऱ्या ठिकाणी फोनवर आडनाव ऐकले आणि घर ‘कालच गेले’. दहा दिवसांनंतरही त्या घराची जाहिरात तशीच होती. या सर्व प्रकारात कोणी जातीचा शब्द तोंडातून काढला नाही. आजचा जातिवाद शिवी देत नाही, तो चहा पाजतो आणि पुतण्याचे लग्न लावतो.

हा एकट्या मुंबईचा किंवा एका कुटुंबाचा अनुभव नव्हे. डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास करून तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. घर मागणारी माणसे सर्व बाबतींत सारखी, फरक फक्त नावांचा. तरीही सवर्ण नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांना नकार कितीतरी अधिक मिळाले. भाडे देण्याची ऐपत हा मुद्दाच तिथे नव्हता.

चौथ्या रविवारी एजंटने सल्ला दिला. माणूस वाईट नव्हता, त्यालाही आपली दलाली सुटू द्यायची नव्हती. “मॅडम, आडनाव सांगूच नका. नुसते प्रोफेसर म्हणा. आणि पहिले काही महिने हॉलमध्ये तो फोटो लावू नका.” ताई आणि त्यांचे पती गप्प राहिले. शाळेची तारीख जवळ येत होती. त्यांचे मन थोडे ढळले होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आणि आम्ही त्यांना दोष देणार नाही. परंतु गावी फोनवर सासूबाईंना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, “जिथं बाबासाहेबाचा फोटो लागत नाही तिथं मी येत नाही. तुम्ही जावा, मी हितंच राहते.” या बाईंनी शाळेची पायरी चढलेली नाही. दोन प्राध्यापकांच्या घरात स्वाभिमानाचा निर्णय त्यांनी अर्ध्या मिनिटात दिला!

नोकरीसाठी परक्या शहरात जायचे आणि निवाऱ्यासाठी नाव लपवायचे, ही गोष्ट आंबेडकरी माणसाला नवी नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये अमेरिका आणि इंग्लंडमधील शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव नोंदवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करा, असे त्यांनी बजावले. ओळखीच्या हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांनीही घरात घेण्याचे टाळले. कमाठी बागेत बसून बाबासाहेबांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. महाराजांनी नोकरी दिली होती, पण शहराने घर दिले नाही, आणि घर नाही म्हणून नोकरीही गेली. आज त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो. तिथे जाऊन वंदन करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे, शंभराहून अधिक वर्षांनंतर एका प्राध्यापिकेला तोच सल्ला का मिळतो?

पुढचा भाग आपण कमी सांगतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. दरमहा ४५० रुपये पगार, त्या काळी फार मोठा. तिथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली. पगारदार प्राध्यापक असताना बाबासाहेब राहत होते कुठे? परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत, कामगारांच्या शेजारी. पगारातून बचत करून जुलै १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. आणि १९३० च्या दशकात तेच बाबासाहेब दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहायला गेले. ग्रंथांना आणि अभ्यासाला जागा हवी होती. वस्ती सवर्ण मध्यमवर्गाची होती, म्हणून ते बिचकले नाहीत. परळ सोडले म्हणून त्यांनी समाज सोडला, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

याचा अर्थ आम्ही असा लावतो की, चाळीत राहिल्याने कोणी आपोआप कार्यकर्ता होत नाही आणि चांगल्या वस्तीत गेल्याने कोणी आपोआप गद्दार होत नाही. कुठे राहायचे हे गरजेनुसार ठरविण्याचा अधिकार बाबासाहेबांनी स्वतः बजावला आणि दोन्ही ठिकाणी ते स्वतःच्या नावाने राहिले.

आता मानखुर्दचे पाहू. मानखुर्द आम्ही निवडले होते काय? १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला येऊन पडतो. १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला आला. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी पाडून हजारो लोकांना चिता कॅम्पला नेऊन टाकले. २००० नंतर रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी रुळांकडेची कुटुंबे उचलून लल्लूभाई कंपाउंड आणि वाशी नाक्याच्या इमारतींत भरली. इमारती इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या २४ प्रभागांत आमचा एम-पूर्व प्रभाग शेवटचा होता. २०११ च्या जनगणनेत या प्रभागात आठ लाखांहून अधिक माणसे होती. जानेवारी २०१६ मध्ये डम्पिंगला मोठी आग लागली आणि धूर दूरवर पसरला, तेव्हा कुठे बाकीच्या मुंबईला देवनारची आठवण झाली. आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी याच डम्पिंगची सुमारे १२४ एकर जागा देण्याचे ठरविले. शहराला जे नको आणि जे नकोत, ते मानखुर्द-देवनारला, हे धोरण शंभर वर्षे बदललेले नाही. इथल्या दलित, मुस्लिम आणि परप्रांतांतून आलेल्या कष्टकऱ्यांना उपनगर निवडण्याची संधी कोणी दिली नाही. त्यांना इथे पाठविण्यात आले.

तेव्हा एखाद्या आईने ‘मानखुर्द नको’ म्हटले तर तिच्यावर तुटून पडण्याचे कारण नाही. ताईंच्या धाकट्या मुलाला दमा आहे, हे त्यांनी आम्हाला तिसऱ्या भेटीत सांगितले. आमच्यातले काही कार्यकर्ते भाषणात ठणकावतात की शिकलेल्यांनी वस्तीतच राहिले पाहिजे. त्यांना आमचा नम्र सवाल आहे, दम्याच्या मुलाला डम्पिंगच्या वाऱ्यावर ठेवून कोणती क्रांती होणार आहे? आम्ही स्वतः बावीस वर्षे मानखुर्दला राहतो, पण त्याचे आम्ही कौतुक करून घेत नाही. वकिलीच्या सुरुवातीला आम्हाला परवडणारे घर इथेच होते. नंतर परवडले असते तेव्हा अशिलांनी आणि विहाराने पाय धरून ठेवले.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखविली, ती अशा लोकांविषयी होती जे वर गेले आणि मागे वळले नाहीत. चेंबूर, मुलुंड, वाशीला गेलेले आमचे कितीतरी अधिकारी आणि प्राध्यापक वर्षातून एकदा १४ एप्रिलला निळा फेटा बांधून येतात, फोटो काढतात आणि जातात. आमची तक्रार त्यांनी सोडलेल्या घराविषयी नाही. त्यांनी सोडलेल्या माणसांविषयी आहे.

आता वकील म्हणून दोन शब्द. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधण्यास, घेण्यास किंवा तिथे राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. त्याच कायद्याचे कलम १२ म्हणते की, असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाल्यामुळे हे गृहीतक आपल्यालाही लागू आहे. असे हत्यार हातात असून ते गंजत पडले आहे. कारण नकार तोंडी असतो आणि आपण अपमान गिळून पुढचे घर पाहायला जातो. घराची बोलणी शक्यतो मेसेजवर करा, नकार आला तर कारण लेखी विचारा, जाहिरातीचा फोटो तारखेसह जपून ठेवा, सोबत एक साक्षीदार न्या. पुतण्या खरा की खोटा, हे मग न्यायालय विचारील.

सोसायट्यांची लढाई अधिक कठीण आहे. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी मान्य केला. त्यामुळे भिंती बांधणाऱ्यांना बळ मिळाले. पण २०११ मध्ये त्याच न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात घटनेच्या कलम १५(२) मधील ‘दुकाने’ या शब्दाचा व्यापक अर्थ घेतला, आणि त्यासाठी आधार घेतला तो संविधान सभेत बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा. पैसे घेऊन सेवा द्यायला जो कोणी बसला आहे त्याचे ते दुकान, असा त्या उत्तराचा आशय होता. मग घराच्या एजंटचे ऑफिस हे दुकान नव्हे काय? जाहिरात देऊन भाडेकरू बोलावणारा मालक दुकान मांडून बसलेला नाही काय? हा युक्तिवाद आंबेडकरी वकिलांनी नेटाने न्यायालयात मांडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरकारी घरांचा अनुभव याला पुष्टी देतो. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के आरक्षण आहे. कुर्ल्याचे नेहरूनगर, चेंबूरजवळचे टिळकनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर, घाटकोपरचे पंतनगर या वसाहतींत आपल्या माणसांनी स्वतःच्या नावाने घरे केली, ती घर देताना आडनावाकडे पाहायचे नाही असा नियम होता म्हणून. जिथे मधे फक्त मालक आणि एजंट उभे आहेत, तिथे अजून पुतण्याचे लग्न व्हायचे आहे!

आणि हो, आपल्या घरमालकांनाही आरशासमोर उभे केले पाहिजे. चेंबूर, विक्रोळी, वाशीत आपल्या लोकांचे फ्लॅट आहेत. त्यांतले किती जण मुस्लिम कुटुंबाला घर देतात? किती जण ‘आपल्यातलाच’ पाहिजे म्हणताना मातंग, चर्मकार बांधवाला त्या ‘आपल्यात’ धरतात? भाडेकरूचे आडनाव विचारणारा मालक बौद्ध असला म्हणून ते विचारणे पवित्र होत नाही.

तर मग उपनगर कसे निवडावे? ताईंना आम्ही तीन प्रश्न लिहून दिले. पहिला, दारावर आपल्या पूर्ण नावाची पाटी आणि भिंतीवर आपला फोटो लागतो काय? दुसरा, मुलांना मोकळा श्वास घेता येतो काय आणि शाळा, दवाखाना, नोकरी अर्ध्या तासाच्या आत आहे काय? तिसरा प्रश्न आपण कधी विचारत नाही. वस्तीतला माणूस आपल्या घरी येऊ शकतो काय? साठेनगरातला बारावीचा विद्यार्थी पुस्तक मागायला आला, तर वॉचमन त्याला फाटकावर ताटकळत ठेवणार नाही ना? या तिन्ही प्रश्नांना ‘होय’ मिळत असेल ते उपनगर आपले, मग त्याचे नाव मानखुर्द असो की मुलुंड.

समाजानेही थोडे काम केले पाहिजे. प्रत्येक विहार समितीने आपल्या भागातील भाड्याने मिळणाऱ्या घरांची वही ठेवावी आणि नकारांचीही दुसरी वही ठेवावी. नव्या प्राध्यापकांना लगेच निवासस्थान देता येत नसेल, तर संस्थांनी स्वतःच्या नावाने घरे भाड्याने घेऊन त्यांना द्यावीत, ही मागणी अनुसूचित जाती-जमाती कर्मचारी संघटनांनी लावून धरावी. संस्थेचे नाव करारावर आले की आडनावाची चौकशी करायला जागाच उरत नाही.

त्या कुटुंबाला शेवटी टिळकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतीत घर मिळाले. मालक निवृत्त बस कंडक्टर. त्यांनी एवढेच विचारले, “भाडे पाच तारखेच्या आत येईल ना?” ताईंनी स्वतःहून आडनाव सांगितले, तर ते म्हणाले, “करारावर लिहावेच लागेल ना ते!” जून उजाडण्याच्या आत सासूबाई बाबासाहेबांचा फोटो मांडीवर धरून रेल्वेने आल्या. ताई आता टिळकनगरहून हार्बरने कामावर जातात. त्यांना आम्ही एकच विनंती केली आहे. महिन्यातून दोन रविवार गोवंडीला न उतरता एक स्टेशन पुढे यावे. विहारात दहावी-बारावीची पंधरा मुले बसलेली असतात. पहिल्या दोन रविवारी त्या आल्या.

करार अकरा महिन्यांचा आहे. अकरा महिन्यांनी मालकाने घर मागितले तर पुन्हा रविवार, पुन्हा एजंट आणि पुन्हा कोणाचा तरी पुतण्या. तेव्हा आपल्या हातात त्या दोन वह्या असतील काय, एवढेच आम्हाला वाचकांना विचारायचे आहे.

जयभीम!